दोन काळ्या खाली

३ फेब्रु., सोम.
घाटकोपरच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि माझा गळा मलाच स्क्रीनवर दाखवला. दोन पांढुरके पडदे, त्यांवर समोरासमोर दोन गाठी. तांदळाच्या कणीएवढ्या. चार महिने घसा बसतोय, तो ह्यांच्यामुळे.
"गाता?"
शास्त्रीय, कॉलेजात, शेवटचं वर्ष.
"मग ओरडून गाता."
दहा दिवस मौन. गुणगुणायचंसुद्धा नाही. कुजबुज तर मुळीच नाही, तिने जास्त ताण येतो म्हणे. पुढे व्यायाम. गाठी नाही विरल्या तर ऑपरेशन, आणि मग १५ मार्चचं मंचप्रदर्शन विसरायचं. मंचप्रदर्शन नाही तर डिग्री नाही.
म्हणून ही वही. पाच मिनिटं गप्प बसायचा माझा रेकॉर्ड नाही.

४ फेब्रु., मंगळ.
मौन दि. १. दूधवाल्याला खुणेने "अर्धा लिटर" सांगितलं, दोन पिशव्या मिळाल्या.
आई खूश. "घर कसा गपगार झाला! माका आवडला."
बाबांनी कामावर जाताना दारातूनच विचारलं, "कळ येता काय गो?" मान हलवली, नाही. ते पवईच्या ऑफिसांत लिफ्ट दुरुस्त करतात. शनिवार-रविवार भजनीबुवा. खरं तर उलटं. बुवा आहेत, मधले पाच दिवस लिफ्ट दुरुस्त करतात.

५ फेब्रु., बुध.
कॉलेजला गेले. नाईक मॅडमना डॉ.ची चिठ्ठी दाखवली. (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा. ना.मॅ.) तिसऱ्या मजल्यावरचा गाण्याचा स्टुडिओ, भिंतींना स्पंज, शेजारी रसायनशास्त्राची लॅब, त्यामुळे आमच्या यमनला नेहमी ॲसिडचा वास.
ना.मॅ.नी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी तुला काय सांगितलं होतं?"
पट्टी उतरव, म्हणून सांगितलं होतं. काळी पाच (पेटीची पाचवी काळी, तिथे सा) तुझी नाही, काळी तीनमधून गा. दोन काळ्या खाली. आवाज भरीव आहे तुझा, तो वर टांगू नकोस.
मी काय केलं? रडले. आठवड्याने परत काळी पाचवर तानपुरा लावून बसले. मग त्यांनी नाद सोडला.
आज उत्तर द्यायची सोय नव्हती. बरंच झालं.

६ फेब्रु., गुरु.
कुठून आली ही काळी पाच?
दहाव्या वर्षी क्लासला घातलं. बारा मुली, एक पेटी, सगळ्यांची काळी पाच. मधली पट्टी कुणाला मानवते, कुणाला नाही, कोण बघणार. घरी येऊन सांगितलं तर बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाच? शाब्बास!" रक्तगट सांगावा तशी मग सगळीकडे सांगत गेले, पट्टी काळी पाच.
आमच्या घरात पट्टी म्हणजे इज्जत. बाबांच्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, रात्रभर एकमेकांना गाण्यातून टोमणे मारतात. त्यात जो चढ्या पट्टीत टिकतो तो खरा. मालवणातून आलेल्या एका बुवांनी एकदा मधेच पट्टी उतरवली. त्यांचं नाव निघालं की बाबा अजून हसतात. "पट्टी उतरवली म्हणजे बारी सोडली." बाबांची काळी दोन. पंचवीस वर्षं. पुरुषाच्या गळ्याला ती बरीच चढी. वाकोल्यात ती सगळ्यांना माहीत आहे, आमचा पत्ता माहीत नसला तरी.

७ फेब्रु., शुक्र.
तन्वीचे सकाळपासून अकरा व्हॉइस मेसेज. वर्गातली एकुलती एक मैत्रीण आणि अकलेने अशी. मी टाइप केलं, बोलता येत नाही गं, लिही. तिचा बारावा मेसेज, "अरे हो यार, सॉरी!" तोही व्हॉइस.
ना.मॅ.नी नवीन फॉर्म दिलेत म्हणे. त्यात पट्टीचा रकाना आहे, तबला लावायला. २८ पर्यंत द्यायचा.

८ फेब्रु., शनि.
आज जे झालं ते लिहू की नको.
संध्याकाळी बाबांचं भजनी मंडळ घरी. महाशिवरात्रीच्या बारीची तालीम. बाबा पेटीवर, सदूकाका पखवाजावर, चार टाळकरी. मी कोपऱ्यात, मौनी बाबा. काम काही नाही म्हणून कानात एक इअरफोन घातला आणि फोनमधला तानपुरा काळी दोनवर लावला, मनातल्या मनात गाऊ म्हटलं.
बेसूर.
वाटलं फोन बिघडला. बाबांच्या बोटांकडे पाहिलं. सा काळी दोनवरच. तानपुरा एक घर खाली, मधल्या पांढरीवर, घेतला. अजून बेसूर. आणखी एक घर.
जुळला. काळी एक.
बाबा काळी एकमधून गात होते. बोटं मात्र काळी दोनवर.

९ फेब्रु., रवि.
बाबांना लिफ्ट अडकल्याचा फोन आला, गेले. आई मासळी आणायला. मी पेटी उघडली.
दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड आणली होती, जुनी विकून. "हिचो आवाज गोड," म्हणाले होते. ही साधी पेटी नव्हे. हिच्यात खटका ओढला की सुरांची अख्खी फळी सरकते. बोटं जागच्या जागी, सूर खालचा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.
खटका दोन घरं खाली होता. त्या खाचेतली धूळ गेलेली, बाकीच्या खाचांत तशीच.
दोन वर्षं!
आधी राग आला. मला "शाब्बास पाच" म्हणणारा माणूस. मग वाईट वाटलं, ते रागापेक्षा जास्त त्रासाचं. एकदा चढेना झालं असेल. कुणाला सांगणार? सांगितलं नाही. पेटी बदलली.
रडले. आवाज न करता रडणं फार कठीण आहे, नाकच गळतं नुसतं.

१० फेब्रु., सोम.
आत्ता भाजी निवडताना डोक्यात आलं. सदूकाका! पखवाज खऱ्या सुरालाच लागतो, त्याला फसवता येत नाही. म्हणजे सदूकाकांना माहीत आहे. दोन वर्षं ते निमूटपणे पखवाज उतरवून लावतायत.

१३ फेब्रु., गुरु.
मौन दि. १०. शेवटचा.
सोडायला नको वाटतंय. उद्या बोलता आलं तर मी बाबांना काय बोलून बसेन, भरवसा नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
पहिला शब्द "आई". दुसरा "चहा". आवाज परक्या बाईचा. आई म्हणाली, "झाली सुरू."
बाबांना काही बोलले नाही.

१९ फेब्रु., बुध.
व्यायाम. ओठ फुरफुरवायचे, पाण्यात नळीने बुडबुडे. शेजारचं बाळ हेच फुकटात करतं.
ना.मॅ.नी आज स्टुडिओत बागेश्रीची एकच ओळ दोनदा गायला लावली, एकदा पाचमधून, एकदा तीनमधून. रेकॉर्ड केलं. "उद्या ऐक. आज नको."

२० फेब्रु., गुरु.
ऐकलं. पाचमधली बाई कुणाच्या तरी मागे धावतेय. तीनमधली बसून गातेय.
मला तीनमधली आवडली. लिहून ठेवते, नंतर नाकबूल करायला नको.
पण तीनमध्ये मी आईसारखी वाटते. जाड. शाळेत स्नेहसंमेलनाला मला मुलग्याचा रोल द्यायचे, आवाजामुळे. पाचवर चढले तेव्हा ते बंद झालं. म्हणजे नुसतं बाबांचं नाव पुढे करून चालणार नाही. मलाही वरच राहायचं होतं.

२७ फेब्रु., गुरु.
बारी काल झाली. मी गेले नाही, धूळ आणि जागरण नको. सकाळी दुधाच्या रांगेत दोघांनी थांबवून सांगितलं, "काय गायले बुवा! ह्या वयात काळी दोन!"
मी म्हटलं, "हो ना."
खोटं बोलायला आवाज छान लागला.

२८ फेब्रु., शुक्र.
फॉर्म दिला. पट्टीचा रकाना कोरा. ऑफिसच्या खिडकीतली बाई म्हणाली, हे काय? म्हटलं, मॅडमना विचारून सांगते.
डरपोक.

५ मार्च, बुध.
ना.मॅ. : "कोरा रकाना कुठल्या काळीत लावू तबल्यावर?"
त्यांच्याच पेनने लिहिलं, काळी तीन. मला म्हणाल्या, "घरी सांग." सांगते म्हटलं.

८ मार्च, शनि.
सांगितलं. जेवताना.
बाबांनी घास खाली ठेवला. "तीन?"
"डॉक्टर म्हणतात..."
"डॉक्टराक गाण्यातला काय कळता? मी अख्ख्या मंडळाक सांगलंय, चेडू माझा काळी पाचात गाता. १५ ला सगळे येतले. लोक हसतले गो!"
"हसू देत."
"तुका काय जाता बोलूक! पट्टी उतरवली म्हणजे..."
"बारी सोडली. ऐकलंय."
जिभेवर होतं. तुमचा खटका कुठे आहे, बाबा? एवढं एकच वाक्य. ते गप्प झाले असते, आणि मी जिंकले असते. आई ताटाकडे बघत होती. तिलाही माहीत आहे का? असणार.
बोलले नाही. ताट उचलून आत गेले. बाबा न जेवता चप्पल घालून बाहेर.
आता वाटतंय बोलायला हवं होतं. परत वाटतंय नको. ते अंगावर आले तरी मला ते वाक्य त्यांच्यावर फेकायचं नाही. त्यांची काळी दोन त्यांची राहू दे.

१० मार्च, सोम.
घरात मौन. ह्या वेळी डॉक्टरांशिवाय.
तन्वी म्हणते, पाचमधूनच गा ना यार, अर्धा तास तर आहे. तिला म्हटलं, तुझ्या गळ्यात गाठ असती तर? म्हणाली, "वाट लागली असती." लागलीच आहे.

११ मार्च, मंगळ.
परत नळी. एक गाठ जवळजवळ गेली. दुसरी अर्ध्यावर. डॉ. म्हणाले, "काय बदललं?" म्हटलं, खाली उतरले. "तिथेच राहा."
तार गंधार, वरच्या सप्तकातला, अजून चिरकतो. कधी लागतो, कधी नाही. तीनमधूनसुद्धा.

१३ मार्च, गुरु.
बाबा लवकर घरी आले. हातपाय धुतले. मी फोनचा तानपुरा लावून बसले होते, काळी तीन, आवाज बारीक ठेवून. चोरासारखी.
बाबांनी पेटी आणून समोर ठेवली आणि मांडी घातली. माझ्याबरोबर पेटी धरून त्यांना तीनेक वर्षं झाली असतील.
"फोन बंद कर. खंयसून?"
म्हटलं, "तीन."
त्यांनी बोटं काळी पाचवर ठेवली. सवय. मला वाटलं, संपलं, आता भांडण. मग त्यांनी दुसरा हात खाली घातला. खटका आधीच दोन घरं खाली होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो आणखी दोन घरं ओढला. कट, कट. लपवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.
भाता हलवला. काळी पाचवरच्या बोटांतून काळी तीन.
"गा."
तासभर गायले. आई स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी. तार गंधार एकदा लागला, दोनदा फाटला. फाटला तेव्हा बाबा नुसते थांबले, परत तिथूनच पेटी उचलली.
उठताना म्हणाले, "बागेश्री बरी वाटली." एवढंच. खटका चार घरं खालीच राहिला. नंतर कुणी तरी परत दोन घरांवर नेला, मी पाहिलं नाही.

१५ मार्च, शनि.
कॉलेज, तिसरा मजला, स्टुडिओच्या बाहेरचा बाक. माझ्याआधी दोघी आहेत. पानं भरायला वेळ आहे.
मंडळ आलंय. सहा जण इस्त्रीच्या शर्टांत, लॅबच्या वासाने नाक मुरडतायत. बाबा मधे, बुवांचं जाकीट घालून.
सदूकाकांनी विचारलं. त्यांना विचारायचंच नव्हतं, तोंडातून सवयीने गेलं. "चेडवाची पट्टी पाच ना, बुवा?"
मी बाकावर वहीत डोकं खुपसलं.
बाबा म्हणाले, "तीन."
एक टाळकरी "तीन?" म्हणाला आणि हसला. हसलाच.
"तीन," बाबा परत म्हणाले, ह्या वेळी बारीत म्हणतात तसं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. "आणि माझी एक. दोन नाय. एक."
टाळकऱ्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. लॅबमधनं कुणी तरी डोकं बाहेर काढलं.
सदूकाका खिशातून रुमाल काढून तोंड पुसत म्हणाले, "दोन वर्सां ठावक आसा, बुवा. पखवाज मीच लावतंय ना."
बाबा माझ्याकडे आले, बाकावर टेकले. त्यांच्या कपाळावर घाम होता, जाकिटामुळे असेल. विचारलं, "गंधार लागतलो?"
म्हटलं, "माहीत नाही."
"बरा."
आत तबला उतरवून लावतायत, हातोडीचा आवाज येतोय. तिसऱ्या मुलीचं नाव पुकारलं. माझंच आहे.