कोरोलाचा डावा दिवा

१२ मार्च
ह्यांनी फाटकाच्या खांबावर गाडी घातली. डावा दिवा फुटला. काचा अंगणभर. हे म्हणाले, कुत्रं आडवं आलं. कुत्रं नव्हतं — मी व्हरांड्यातच उभी होते. मागे कसं घ्यायचं तेच ह्यांना सुचेना. स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. आणि ह्याच माणसाने जन्मभर गॅरेज चालवलं. आमच्या अख्ख्या कडवत्या गावच्या गाड्या ‘पियदासकडे’ यायच्या.

१३ मार्च
मेलबर्नहून दिलहानीचा फोन. “अम्मा, डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलंय ना, गाडी बंद म्हणून? चावी लपव.”
तिला तिकडून सोपं आहे. चावी लपवली की ह्यांना वाटणार, आपणच हरवली. आधीच दिवसभर काही ना काही शोधत असतात.

१८ मार्च
बसने पंचिकावत्त्याच्या बाजारात गेलो. जपानहून कापून आलेल्या गाड्यांचे भाग तिथे गल्लोगल्ली टांगलेले. फुटका दिवा पिशवीत घेतला होता. ह्यांच्या जुन्या ओळखीच्या फजली नानांचं दुकान ह्यांना सापडेना — समोरून दोनदा गेलो. शेवटी नानाच बाहेर आले; ह्यांना ते अय्या, म्हणजे दादा, म्हणतात. “काय पियदास अय्या, आज ओळख द्यायची नाही असं ठरवूनच निघालात?” ह्यांना हसू आलं. मलाही, उगाच.
हे म्हणाले, “नुसती कोरोला म्हणून चालायचं नाही हं. मधल्या वर्षी दिव्याची बैठक बदललीय. काचेवरचा नंबर जुळव.” एवढं सगळं आठवतं! सकाळचा चहा झाला की नाही, ते आठवत नाही.
हे कोपऱ्यावर चहा सांगायला गेले. नानांनी माळ्यावरून दिवा काढला. जुना, पण काच स्वच्छ. नंबर तोच. मी म्हटलं, “नाना, नाही म्हणून सांगा. दिवा बसला की हे रस्त्यावर जातील. डॉक्टरांची मनाई आहे.” नानांनी दिवा परत माळ्यावर ठेवला. हे चहा सांगून आले तेव्हा नाना म्हणाले,
“अय्या, डावा नाहीये हो. पुढच्या कंटेनरला बघू.”
परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मी पर्स उघडत होते, मिटत होते.

२ एप्रिल
एकटेच पंचिकावत्त्याला जाऊन आले. मी खिशात पत्त्याची चिठ्ठी घातली होती. कंटेनर आला नाही म्हणे. पण चेहरा खुललेला — नानांकडे माशाचा बन खाल्ला, जुन्या गोष्टी काढल्या. नानांचे उपकार कसे फेडू? आणि ह्यांच्याकडे बघू तरी कशी?

२१ एप्रिल
परत गेले. कंटेनर नाही.

५ मे
वेसाक, बुद्धपौर्णिमा. शेजारी कंदील लागले. संध्याकाळी ह्यांनी गाडीचा उरलेला एक दिवा लावला, समोर उभे राहिले. “काणी दिसते बिचारी,” म्हणाले. मी ऐकलंच नाही असं केलं.

९ जून
ह्यांना डेंग्यू. इस्पितळात. सलाइन उपटून काढतात म्हणून हात बांधलेत. लिहवत नाही.

२८ जून
घरी आणलं. ताप गेला, पण जाताना बरंच काही घेऊन गेला. मला ‘अक्का’ म्हणाले. मी म्हटलं, अहो, मी सीली. “हो हो,” म्हणाले, पाहुण्याशी बोलावं तसं.

९ जुलै
फजली नाना पपया घेऊन आले. ह्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला. ह्यांना ओळख पटली नाही. निघताना नाना फाटकाशी थांबले.
“अक्का, एक सांगायचं राहून गेलंय. एप्रिलमध्ये अय्या म्हणाले होते — मी काही आता गाडी चालवत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. सीलीला माझ्याशी बोलायला जड जातंय, म्हणून मीही बोलत नाही. हात चालतायत तोवर एवढा एक दिवा माझ्या हाताने बसवतो, मग गाडी भाच्याला देऊन टाकतो. माझ्या हातची शेवटची गाडी फुटकी जायला नको.”
“मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?”
“सीलीला सांगू नको म्हणाले. तुम्ही म्हणालात, त्यांना देऊ नका. मला वाटलं, नवरा-बायको आहेत, आज ना उद्या एकमेकांशी बोलतील.”
मी फाटक धरून उभी राहिले. नाना काय म्हणून गेले, कळलं नाही.

१० जुलै
मी पंचिकावत्त्याला जाऊन दिवा घेऊन आले. नानांनी माळ्यावर तसाच राखून ठेवला होता. “सावकाश जा, अक्का,” एवढंच बोलले. बसमध्ये मांडीवर धरून आणला. टेबलावर ठेवलाय. हे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

१३ जुलै
दिवा त्यांच्या हातात दिला. उलटसुलट करून बघितला, परत माझ्या हातात ठेवला. “छान आहे,” म्हणाले.

१६ जुलै
सकाळी अंगणात पान्यांचा आवाज. जाऊन बघते तर हे गाडीपुढे मांडी घालून बसलेले. बंपरचे बोल्ट काढून ओळीने ठेवलेले. दिवा जागेवर बसवला, वायर जोडली, दोन्ही दिवे लावून बघितले. मग त्यांनी फडक्याला हात पुसले, चावी माझ्यापुढे धरली.
“बाई, गाडी तयार आहे तुमची. अंधार पडायच्या आत घरी पोचा. घरची माणसं वाट बघत असतील.”
मी चावी घेतली.