घरून आणलेले धडे

६ ऑगस्ट
पोचले एकदाची. विमान, मग बस, मग एका मालवाहू गाडीत पुढची जागा. निघताना दादा म्हणाला होता की, जिला स्वतःच्या चपला सापडत नाहीत ती परदेशात जाऊन पोरांना वाट दाखवणार. चपला दोन्ही जागेवर आहेत. कळवायला हवं त्याला.

शाळा म्हणजे एक लांब खोली, वर पत्रा, भिंतींना ताजा पिवळा रंग. बाकीचे विद्यार्थी स्वयंसेवक दुसऱ्या गावांना गेले, इथे मी एकटीच. मुख्याध्यापिका हसऱ्या आहेत. म्हणाल्या, इथे पुस्तकं चालत नाहीत, घरी शिकलात तेच शिकवा. माझ्या पथ्यावरच पडलं. मी शाळेचं तोंड उशिरा पाहिलं, आधीचं सगळं आत्याने आणि बाबांनी शिकवलेलं.

स्वयंपाकघरात एक तरुण बाई बटाटे सोलत होती. मी हसले. तिने नुसतं पाहिलं.

९ ऑगस्ट
आत्यासारखं अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला शिकवलं. मुलांनी लगेच उचललं. पहिल्या बाकावरची थोरली मुलगी तर मोजण्याआधी अंगठा जिभेला लावते, थेट आत्या. मी तसं कधीच करत नाही. गंमत वाटली. जरा विचित्रही.

मुलं घरी गेली की बोलायला भिंतीच. एकटीने जेवले.

१२ ऑगस्ट
कपडे मोजताना अंगठा अडला. कुठल्या पेरापासून सुरुवात करायची, काही केल्या आठवेना. शेवटी कपडे चादरीवर ओळीने मांडले. दमले असेन.

आज सतराचा पाढा शिकवला, बाबांच्या चालीवर.

१३ ऑगस्ट
पाढा गेला. सतरा एके सतरा, पुढे कोरं.

मुलं मात्र एका सुरात म्हणत होती. बाबा सतरा सातीपाशी खोकायचे. तिथेच सगळा वर्ग खोकला. मी त्यांना खोकला शिकवलेला नाही.

मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या समजुतीने म्हणाल्या, एकदा दिलेलं कोणी परत मागतं का?

१५ ऑगस्ट
गोष्टीचं पुस्तक आणलं होतं, त्यातून शिकवलं. मुलांनी वह्या मिटल्या आणि दिवसभर माझ्याकडे बघत बसली. पत्करलेल्या कामात चोरी करतेय असं वाटत राहिलं. घरी मला कोणी असं हातचं राखून शिकवलं नव्हतं.

मग आईची झोपवायची गाणी शिकवली. सगळी.

१७ ऑगस्ट
रविवार. आईचा फोन. बरी आहे म्हणाले. ती म्हणाली, एखादं गाणं म्हण की. एकही ओळ आठवेना. रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.

परत जायचं. पुढची बस २७ला. तोवर घर डोक्यात धरून ठेवायचं, एवढंच.

१९ ऑगस्ट
बटाटे सोलणाऱ्या बाईच्या मनगटावर स्वयंसेवकांची पट्टी आहे. माझ्या मनगटावरच्या पट्टीसारखीच, पण विटलेली. घर कुठे, विचारलं. तिने बराच वेळ आठवून पाहिलं. मग दुसरी सुरी माझ्यापुढे सरकवली.

२१ ऑगस्ट
शिकवणं बंद. पण थोरली दाराशी येऊन बसते. विचारते, तुमच्या घरात खोल्या किती, कोण कुठे झोपतं. नाही सांगायचं ठरवलं होतं. पण मूल विचारतंय आणि उत्तर द्यायचं नाही, हे मला — सांगितलं.

आता घराचं दार कुठल्या भिंतीला होतं ते —

२४ ऑगस्ट
फोन थोरलीने उचलला. माझ्या भाषेत. माझ्या आवाजात. चपला दोन्ही जागेवर आहेत, सांग दादाला, म्हणाली.

पलीकडची बाई हसली. "किती दिवसांनी आवाज मोकळा वाटतोय गं तुझा."

मी ओरडणार होते. पण तिला काय म्हणून हाक मारायची —

२७ ऑगस्ट
बस आली. थोरलीने बॅग नीट भरली. पासपोर्ट उघडून फोटो दाखवला. चांगली मुलगी आहे. फोटोतली तिच्यासारखीच दिसते.

निघताना वाकून माझ्या पाया पडली. मग गेली. घरी.

बटाटे खूप आहेत. दोघी मिळून सोलतो.

नवीन मुलगी येणार आहे म्हणे. ती आली की वर्गात जाण्याआधीच तिला सांगायचं, की मुलांना आपलं —