चांदणी नसलेलं वाक्य

अड्याळ,
१८ नोव्हेंबर १९७९

चि. तेजराम,
सप्रेम जयभीम.

जर्मनीहून तुझं पत्र परवा आलं. परीक्षा पास झालास म्हणून शाळेत पेढे वाटले. आमचे हेडमास्तर भय्याजी म्हणाले, "भाऊ कशात पास झाला?" मी म्हटलं, एका क्रियापदात. त्यांचा पेढा तोंडाजवळच थांबला.

तू कळवलेली त्या क्रियापदाची रूपं मी फळ्यावर लिहून पाहिली. बेरानं, बार, बेरुन, बुरनाझ. अर्थ उचलून नेणं, वाहणं. ती मूळ जर्मॅनिक भाषा कुणी लिहूनच ठेवली नाही, म्हणून मूळ शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही. गॉथिक, नॉर्स, जुनी इंग्रजी या तिच्या लेकींकडे जे उरलं त्यावरून तुम्ही भाषावाले तो उभा करता आणि शब्दाच्या आधी चांदणीची (*) खूण घालता, म्हणजे हा आमचा अंदाज आहे हे कबूल. ही चांदणी मला फार आवडली. आपला 'भार' त्याचाच नातेवाईक, हे तू उन्हाळ्यात कळवलंस तेव्हा आई किती हसली होती! "एवढ्या दूर जाऊन भारा उचलाचंच शिकून राहिला काय माहा पोरगा?"

गेल्या आठवड्यात गावात दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली. घरोघरी पाहुणे. मी दार लोटून बसले.

तेजू, आता लिहितेच. आई पोळ्याआधीच गेली. ताप आला, चार दिवसांत सगळं संपलं. "परीक्षा होईस्तोवर पोराले सांगू नोको," म्हणून तिनं मला शपथ घातली होती. त्यानंतरच्या माझ्या तीन पत्रांत 'आई म्हणते' म्हणून जे आलं, कानाले बांधत जा, तुह्यासाठी चिन्नोरचे तांदूळ ठेवले, ते सगळं मी उभं केलं. जन्मभर ती जे बोलली ते आठवून आठवून. लिहिताना ती जवळ बसल्यासारखी वाटे, म्हणून थांबवेना. चांदणी घालायला हवी होती, घातली नाही. राग धर, पण पत्रं बंद करू नकोस.

हे एक मात्र तिचंच, माझ्या कानांनी ऐकलेलं. धानकापणीत भारा बांधून झाला की तो डोक्यावर घ्यायला ती आपल्याला हाक मारायची, आठवतं? शेवटच्या दिवशी ग्लानीत तशीच म्हणाली, "तेजूले बोलाव वं. भारा बांधून झाला, हात लावाले कोणी नाही."

मी जवळच होते रे. पण तिनं तुलाच हाक मारली.

तीन महिने हे मी एकटीनं वाहिलं. भारा उतरवायलाही दुसरा हात लागतो. ये.

दारातच उभी असलेली,
तुझी चंद्रकलाताई