उताराला दोन नंबर

४ फेब्रुवारी

ब्रेक जळाले! म्हणजे जळाले नाहीत, पण चाकांतून असा वास सुटला की खाली पोचेपर्यंत जीव टांगणीला लागला. टेकडी उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली होती — पेट्रोल वाचतं म्हणून. स्कूटरवर जन्मभर हेच केलं. ही गाडी आमच्या हिची. हीच चालवायची, मी शेजारी बसून पेंगायचो. ही गेल्यापासून गाडी नुसती उभी होती.

मुलीला फोनवर सांगायला नको होतं. सांगितलं. "बाबा, बास झालं! गाडी विका, घराला कुलूप लावा आणि खाली आमच्याकडे राहायला या." म्हटलं, माझं घर आहे, मी हलणार नाही. शेवटी वैतागून म्हणाली, "मग एकट्याने धड उतरून दाखवा. दाखवलंत तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

बघच आता!

६ फेब्रुवारी

मेहुणी शिकवायला आली. न्यूट्रलचं ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. "भाऊजी, ऑटोमॅटिक गाडी आहे ही. स्कूटर नव्हे!"

उतार लागायच्या आधीच वेग कमी करायचा. गिअरचा दांडा डी वरून, म्हणजे नेहमीच्या गिअरवरून, दोनवर घ्यायचा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक लागेल तेवढाच — दाबायचा, सोडायचा. सारखा दाबून ठेवला की तापतो.

घेतला दोनवर. इंजिन असं ओरडलं की वाटलं, फुटलं! घाबरून पुन्हा डी. गाडी सुसाट. "अहो, ओरडू द्या की त्याला! काम करतंय ते." मग म्हणाली, "ताई अशीच तर उतरायची. कधी पाहिलं नाहीत?"

नाही पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून नाही पाहिलं.

मेहुणी चहाला थांबली नाही. घाईत होती. थांबली असती तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

आज जमलं. अख्खा उतार दोनवर, गाडी शहाण्यासारखी हळूहळू खाली. इंजिनचा आवाज आता आवडायला लागलाय — गाडीत कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

घरी येऊन सांगणार कोणाला? टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला सांगितलं. तिने मला उद्याचं तापमान सांगितलं.

१० फेब्रुवारी

दिवसभर कोणाशी एक शब्द नाही.

१२ फेब्रुवारी

उतरलो! एकटा, थेट मुलीच्या दारात. जावयांनी वाकून चाकाजवळ वास घेतला. कसला वास नि कसलं काय! नातीने टाळ्या वाजवल्या. मुलगी हसली, "जिंकलात बाबा. आता नाही काढणार विषय."

जेवताना खरंच काढला नाही. भाजी वाढली, पाणी दिलं, माझ्या गोळ्यांची चौकशी केली. मी वाट बघत होतो. एकदा तरी म्हणेल, या की राहायला. मी नाही म्हटलं असतं, ती रागावली असती, तेवढंच बरं वाटलं असतं. पण शब्दाची पक्की, आईसारखी. हात धुताना म्हणाली, "अंधार पडायच्या आत निघा हं."

१३ फेब्रुवारी

काल निघालोच नाही. गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं, बंद केलं. काच खाली करून मुलीला म्हटलं, "वर मला करमत नाही गं. ठेवून घे मला."