गेटवरून परत

नांदेड, ८ मे २०२५

चि. दामिनीस,
दानम्मा आत्याचे अ. उ. आ. व शरणार्थ.

तुझ्या आप्पाचा फोन आला होता. लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेच्या गेटवर गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेव म्हणाले, तू न्हाई म्हणालीस आणि पेपर सोडून आलीस, हे विरूपाक्षानं मला दोनदा सांगितलं. तीन वर्षं क्लासला घातलेली पोर तशीच परत आली, तरी रागावला न्हाई. उलट अठरा तारखेला मठात तुझा सत्कार ठरवून बसलाय. शाल घेताना तरी हस गं बाई, फोटोत तू कायम एरंडेल प्यायल्यासारखी दिसतीस.

पण तू फोनवर का येत न्हाईस?

लोभ हायच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
दानम्मा आत्या

उदगीर, ११ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सगळे कान देऊन बसतात, म्हणून लिहून राहिले. आत्या, लिंग काढ असं मला कुणीच म्हणालं न्हाई. तपासणाऱ्या बाईनं लिंगाची चांदीची डबी बघून हात जोडले आणि आत जा म्हणाली. मीच माघारी फिरले. मला तो पेपर द्यायचाच न्हवता. रविवारचा धान्याचा मोंढा बंद होता, तिथं पोत्यांच्या थप्पीला टेकून पाचपर्यंत रडले. घरी आप्पांनी विचारलं तेव्हा हात गळ्याकडं गेला आणि तोंडातून तेच निघालं.

तू माहेरी आलीस की आपल्या आडतीच्या दुकानात बसून दाताखाली तूर धरायचीस, ओली की सुकी सांगायचीस. मलाही शिकवलंस. तेवढ्याच कामात मला सुख वाटायचं. आप्पा म्हणतात, पोरीनं मोंढ्यात बसायचं न्हाई. आता ती शाल कशी घेऊ? जीव नकोसा झालाय.

माझ्यावर रागाव, पण मला टाकू नकोस.
तुझी,
दामिनी

नांदेड, १४ मे

चि. दामिनीस,
अ. उ. आ.

जीव नकोसा असं परत लिहिलंस तर माझी शपथ हाय. मी कुठल्या तोंडानं रागावू? बत्तीस वर्षं मी पण माहेरी 'बरं हाय' असंच लिहून राहिले. तुझे आतोबा वाईट न्हाईत, लेकरं मार्गी लागली. पण आडतीवरच्या त्या घडीसारखी मी इथं कशातच रमले न्हाई. हे कुणाला सांगितलं न्हाई, तुलाच पहिल्यांदा.

पण पोरी, देवाच्या आड लपू नकोस. ज्या हातावर लिंग घेऊन पूजा करतीस, त्याच हातानं ती शाल घेशील का? सत्काराच्या आधी सांग. तुझ्या वतीनं मी बोलणार न्हाई. बोलणी खावी लागतील, खा.

माया हाय म्हणूनच कडू लिहिलं.
आत्या

उदगीर, २२ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सतरा तारखेला सांगितलं. आप्पा मान खाली घालून मठात गेले, सत्कार नको म्हणून आले. तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. आई वाढताना डोळे पुसती. पाच दिवस मी भिंतीकडं तोंड करून पडले, तुला शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी आप्पांनी माझ्या ताटाजवळ मूठभर तूर ठेवली आणि उभेच राहिले. मी दाणा चावला. ओली हाय, मी सांगितलं. त्यांनी पण एक दाणा दाताखाली धरला. मग म्हणाले, "हाव. दानम्मा पण हेच म्हणली असती."

मग चपला घालून एकटेच आडतीवर गेले. मला चल म्हणाले न्हाईत.

उद्या म्हणतील का गं?

माया पातळ करू नकोस.
तुझी,
दामिनी