क्लाइव्हने माझी केलेली चौकशी

१४ जानेवारी २०१९, सोमवार
क्लाइव्ह ऑक्स्टोबी गेला. 'कोल्ड टॅप' बँडचा गायक, आणि रेडिओने एका वाक्यात उरकलं. लगेच पुलावरच्या ट्रॅफिकची बातमी. किटलीपाशी उभा राहून रडलो. बायको, ग्लेनिस, म्हणाली, तुझी आई गेली तेव्हा एवढा रडला नव्हतास. आईचं वेगळं. आई रोज भेटायची.
संकल्प : रडायचं ते बाथरूममध्ये. आणि वजन उतरवायचं, म्हणजे क्लाइव्हच्या कार्यक्रमांना घालायचो तो माझा काळा कोट अंगात शिरेल.

१५ जानेवारी
कोट शिरला, पण बटणं लागत नाहीत. माळ्यावरच्या ओलीने कापड आखडलंय.
दुपारी 'ब्लू हेरन' पबमध्ये आम्ही सगळे जुने चाहते जमलो. बाहेरच्यांना आमचं कळत नाही. क्लाइव्हने जन्मात कधी प्रेक्षकांना थँक्यू म्हटलं नाही. आपण खालून गाण्याचं नाव बोंबलायचं, त्याने वरून शिवी हासडायची, ही आमच्या हल शहरातली रीत. शिवी मिळाली तो मानकरी. नेव्हिलला एकदा तो 'सडका कोबी' म्हणाला होता, त्यावर हा माणूस तीस वर्षं फुकट बिअर पितोय.
मला शिवी नाही मिळाली. माझ्याशी क्लाइव्ह बोलला. लीड्स, नोव्हेंबर १९८६. स्टेजवरून थेट माझ्याकडे बघत त्याने माझी चौकशी केली. नेमके शब्द मी कुणाला सांगत नाही. (नेमके आठवतही नाहीत, पण आपुलकी होती.)

१८ जानेवारी
२ फेब्रुवारीला दुपारी स्मृतिसभा. मुख्य भाषण माझं. हे अजून बाकीच्यांना कळवलेलं नाही.

२२ जानेवारी
पबमध्ये क्लाइव्हची बहीण आली होती, मॉरीन. हेसलला लोकरीचं दुकान आहे तिचं. मी तिच्यासाठी बटाट्याची पॅटी आणि चिप्स मागवले. तिने पॅटी अर्धी टाकली.
हकीकत अशी. त्यांची आई गेली त्या दिवशी क्लाइव्ह घरी आला नाही, लीड्सला जाऊन गायला, तोच ८६ सालचा कार्यक्रम. मॉरीनने त्याच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. आता तिच्या कानावर आलंय की त्या संध्याकाळी तो स्टेजवर आईबद्दल काहीतरी बोलला. तिने विचारलं, तुमच्यापैकी कुणी होतं का हो तिथे? नेव्हिल होता, पण पार मागे, बारजवळ. त्याला काही ऐकू आलं नाही.
मी उठून उभा राहिलो. म्हटलं, बाई, मी पहिल्या रांगेत होतो. कोटाच्या खिशात रेकॉर्डर होता. तुमच्या भावाचा शब्दन् शब्द माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. तिने माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.
घरी ग्लेनिस म्हणाली, आधी टेप ऐकून बघ. कशाला? मी स्वतः तिथे होतो. शिवाय आमचा टेपरेकॉर्डर बंद आहे.

२७ जानेवारी
भाषण चाळीस मिनिटांचं झालंय. कापण्यासारखं एक वाक्य सापडेना.
नेव्हिलकडे चालू टेपरेकॉर्डर आहे. पण त्याच्यापुढे हात पसरणार नाही. सभेला तो आणणारच आहे.

१ फेब्रुवारी
ग्लेनिसची भुणभुण चालूच. म्हणे, ती टेप मॉरीनला एकटीला ऐकव, चारचौघांत नको. मी म्हटलं, हा इतिहास आहे, इतिहास सगळ्यांचा असतो. ती म्हणाली, मग तो कोट तरी घालू नकोस.

२ फेब्रुवारी
कोट घातला होता. अठरा माणसं. मॉरीन पुढच्या खुर्चीत, केस सेट करून आलेली.
नेव्हिलने टेप लावली. गाणं संपलं, थोडी खरखर. मग क्लाइव्ह. इतक्या हळू आवाजात तो कधी बोललेला मला माहीत नाही. म्हणाला, आज सकाळी माझी आई...
आणि माझा आवाज. रेकॉर्डर माझ्याच खिशात, म्हणून सगळ्यांत मोठा. 'ओला सोमवार' म्हण! ए क्लाइव्ह्या, 'ओला सोमवार' म्हण ना! तीनदा.
पबमध्ये हशा पिकला. कुणीतरी माझी पाठ थोपटली. मी हसून मान लववली, खोटं कशाला लिहू.
टेपवर मात्र शांतता. मग क्लाइव्ह म्हणाला, झालं का तुझं?
लीड्सचे लोक खो खो हसले. ड्रम सुरू झाले. त्याने 'ओला सोमवार' म्हटलं. आईचं त्यानंतर काही नाही, टेप संपेपर्यंत नाही.
मॉरीनने ते परत लावायला सांगितलं. नेव्हिलने लावलं. परत सांगितलं, परत लावलं. आता कुणी हसत नव्हतं. मग तिने मला अगदी साधेपणाने विचारलं, तुम्ही पुढेच होतात ना, तेव्हा चेहरा कसा होता हो त्याचा?
मी म्हटलं, आठवत नाही.
आठवतंय. मी चेहरा बघितलाच नाही. क्लाइव्ह माझ्याशी बोलला हे लोकांनी पाहिलं की नाही, ते मागे वळून बघत होतो.
भाषण खिशातच राहिलं. नेव्हिलने मला बिअर पाजली आणि एक अक्षर बोलला नाही. त्याने निदान 'सडका कोबी' तरी म्हणायला हवं होतं.

३ फेब्रुवारी, रविवार
टेप मॉरीनच्या घरी पोचवली. साधाच कोट घालून गेलो. माफी मागायची म्हणून बसमध्ये वाक्यं जुळवली होती, दारात एकही आलं नाही. ती म्हणाली, इतकी वर्षं वाटायचं त्याला आईचं काही नव्हतं. 'माझी आई' एवढं तरी मिळालं. तुमचा आवाज आला की मी बंद करत जाईन, राग मानू नका.
नाही मानणार म्हणालो.
घरी आलो. ग्लेनिसने चहा दिला आणि विचारलं, मग, काय बोललात दोघं? मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला म्हटलं, तू बोल, मी ऐकतो.