छत्तीस तासांची चावी

लातूर, ४ ऑगस्ट २०२२

ती. स्व. निवृत्तीमामांस तारामतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हाव हाव करता आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. सृष्टीच्या नीटच्या क्लाससाठी इथे खोली केली त्याला दोन महिने झाले. पोरगी सारखी पुस्तकात. मात्र हट्ट करून तिनं मनगटी घड्याळ घेतलंय, आणि ते बघून मला दादाच आठवले. अगदी दादांचंच! तीच सायीच्या रंगाची तबकडी, तेच निळे काटे, तसाच चामडी पट्टा, आणि रोज चावी द्यायची. कंपन्यांनी जुनी घडण नव्यानं काढलीय म्हणे, क्लासची सगळी पोरं त्यावर फिदा. परीक्षेत घालू देत नाहीत, तरी! सेलची आली म्हणून आपणच ही मोडीत घातली होती ना? सृष्टी म्हणते, हे रोज आपल्याकडं काहीतरी मागतं, म्हणून आपलं वाटतं.

दादा रात्री जेवण झालं की वीस फेरे द्यायचे आणि मला मोजायला लावायचे. गावच्या शाळेची घंटाही त्याच घड्याळावर. आई आधीच गेलेली, माझे आई-बाप दोन्ही दादाच. मी तुमच्याकडे नांदेडला शिकायला, म्हणून त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचले. तुम्ही दादांचं घड्याळ आणून दिलंत तेव्हा ते चालू होतं. कानाशी धरून झोपले होते मी. त्या टिकटिकीवरच ते दिवस काढले.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमची तारा


नांदेड, १४ ऑगस्ट

चि. सौ. तारामतीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. सृष्टीला म्हणावं, घड्याळातच बघत बसलीस तर डॉक्टरीण न्हाई, घड्याळजी होशील! माझ्या मनगटाला जन्मात घड्याळ लागलं न्हाई. शिलाई मशीनवर बसणाऱ्याला काय करायचंय? चावी कुण्या अंगानं फिरवायची ते बी मला ठावं न्हाई. तुझ्या दादाला मात्र लई हौस. ग्यानोबा घरी आला की आधी घड्याळ दाखवायचा, मग पाणी मागायचा.

बाई, तो झोपेतच गेला. त्याला कळलंसुद्धा न्हाई. एवढं ध्यानात ठेव आणि जुनं उकरू नको. माझे गुडघे दुखून राहिले, बाकी बरं. दिवाळीला दोघी या, मामी आतापासूनच वाट बघून राहिली.

लोभ असू दे.

निवृत्ती


लातूर, २९ ऑगस्ट

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

सृष्टीला ताप आला होता. आता उतरलाय. त्या गडबडीत दोन दिवस घड्याळाला चावी दिली नाही, तर ते बंद पडलं. एकदा चावी दिली की छत्तीस तास चालतं, असं त्याच्या कागदावरच छापलंय. ते वाचलं आणि मी बोटांवर तास मोजत बसले.

मामा, दादांनी चावी दिली असेल बुधवारी रात्री. भूकंप गुरुवारच्या पहाटेचा. म्हणजे घड्याळ शुक्रवारी सकाळी बंद पडायला हवं. तुम्ही दादांना बाहेर काढलंत रविवारी, आणि त्याच संध्याकाळी माझ्या कानाशी ते चालू होतं. चावी कुणी दिली? तुम्ही म्हणता, तुम्हाला फिरवता येत नाही. ढिगारे उपसणाऱ्या एखाद्या जवानानं दिली का? तसं असेल तर लिहा, मी लगेच विश्वास ठेवीन. पण नसेल, तर खोटं लिहू नका. अन्न गोड लागेना झालंय.

लोभ पहिल्यासारखाच राहू द्यावा.

तारा


नांदेड, २० सप्टेंबर

चि. तारामतीस आशीर्वाद.

मीच चावी दिली असं दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद फाडले. न्हाई दिली. कुण्या जवानानंबी न्हाई दिली.

शुक्रवारी दुपारी मी तुमच्या घरापाशी पोचलो. घर कसलं, दगडांचा ढीग. माझे कान तवाच जड झाले होते, तारा. गिऱ्हाईक हसतील म्हणून कुणाला सांगत नव्हतो, तुझ्या मामीलाबी न्हाई. ग्यानोबाला दोनदा हाका मारल्या. त्यानं ओ दिली न्हाई, का मला ऐकू आली न्हाई, देव जाणे. जवानांनी विचारलं, आत कुणी आहे का? मीच म्हणालो, हितं कुणी जित्तं न्हाई, पुढं चला. ते पुढं गेले. शेजारच्या घरातून त्यांनी एक लेकरू जित्तं काढलं.

रविवारी ग्यानोबाला काढलं. अंग अजून पुरतं गार झालं न्हवतं. डाव्या मनगटावर घड्याळ चालू होतं आणि उजव्या हाताची बोटं चावीवर होती. ती मी सोडवली. झोपेतच गेला, असं त्याच जागी पहिल्यांदा म्हणालो, आणि आजवर म्हणत आलो.

आता लोभ ठेवायचा का न्हाई, ते तुझ्या मनावर.

निवृत्ती


लातूर, २ ऑक्टोबर

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. तुमचा भयंकर राग येतो, आणि राग आला की तुम्ही शिवलेला माझा शाळेचा फ्रॉक आठवतो. तुम्ही मला पोटच्या पोरीसारखं वाढवलंत, ते मी कधी विसरणार नाही.

पण अंधारात, दगडांखाली माणूस घड्याळाला चावी का देईल, हाच विचार डोक्यातून जात नाही. कुणीतरी येईल म्हणूनच ना? सृष्टी रोज संध्याकाळी चावी देते, तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहते.

मामींना यातलं काही सांगू नका. गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहे, तो कुठं जातोय? पण दिवाळीला आमची वाट बघू नका.

तारा